होळीपासून पहिल्या पावसापर्यंत

मोहाडी, १२ मार्च २०२५

भोजराजभाऊ,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. लाखांदूरला तो आधी शालूच्या हाती पडेल हे मला ठाऊक आहे. पण तुमची लेक पत्र फाडणार नाही. सातवीत मी तिला मराठी शिकवलं आहे.

बातमी आधी सांगते. आपण जिंकलो. ‘आपण’ हा शब्द तुम्हाला खुपेल, खुपू दे. तुम्ही विकलेल्या शेतावर कॉलनी होणार, ती होईलच. पण बोडीच्या पाण्याकाठची झाडं राहणार. बिल्डर कुलदीपबाबूंनी नकाशा बदलला. घरांची एक रांग मागे सरकली, मधला रस्ता वाकडा झाला. ज्या बिल्डरला झाड म्हणजे प्लॉटमधला अडथळा वाटत होता, त्याच्याकडून काल आपल्या समितीने लिहून घेतलं, की मोठ्या मोहाला कधीही कुऱ्हाड लागणार नाही. कधीही, भाऊ.

तुमच्या विक्रीच्या कागदात काय होतं ते आठवा. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत त्या मोहावर कोणी चढू नये, खाली जाळ करू नये, ठोकठाक करू नये, फुलं वेचू नयेत, कारण ढोलीत बाळंतीण असते. कुलदीपबाबूंनी हसत हसत मान्य केलं होतं. नव्या करारातून ती अट मी काढायला लावली. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. चार महिने राखायचं आणि आठ महिने कुऱ्हाडीला मोकळं सोडायचं, हे कसलं रक्षण? आणि बाळंतीण कोण? तुमची खापरपणजी बाळंतपणात गेली आणि त्या ढोलीत जाऊन बसली, असं तुमच्या घरात सांगतात. मी जन्मभर असल्या गोष्टींविरुद्ध बोलत आले. ती गोष्ट माझ्या सहीच्या कागदावर मी राहू देऊ? आज बाळंतीण, उद्या शेंदूर, परवा दानपेटी.

डिसेंबरात बाजाराच्या सभेत मी जे बोलले ते मागे घेत नाही. ‘ज्याने झाडासकट जमीन विकली त्याने झाडावर अटी घालू नयेत.’ टाळ्या पडल्या, त्याला मी काय करू? तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभे होता ते मला वरून दिसत होतं. भाषण संपल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, “झालं का बाई? मंग मी जातो.” इतकी वर्षं माझ्या सभेच्या सतरंज्या तुम्ही अंथरल्या, आणि त्या दिवशी न गुंडाळता गेलात.

आठ तारखेला तुमसरला महिला मेळाव्यात बोलले. धनेश पक्ष्याची मादी सांगितली त्यांना. झाडाच्या ढोलीत शिरते, चिखलाने आणि स्वतःच्या विष्ठेने दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पंखांची पिसं गाळते आणि नर बाहेरून भरवील त्यावर जगते. मी विचारलं, बायांनो, तुमच्यातल्या किती जणी अशा लिंपून घेतलेल्या आहात? टाळ्या थांबेनात. तुम्ही असता तर म्हणाला असता, “बेस झालं बाई, पण लांबलं.”

उत्तर द्यायचं तर द्या.

शकुंतला


मोहाडी, २१ एप्रिल

भोजराजभाऊ,

उत्तर आलं नाही. तरी आमंत्रण पाठवते, सोबत पत्रिका आहे. एक मे, महाराष्ट्र दिनी सकाळी, मोठ्या मोहाखाली कार्यक्रम. भंडाऱ्याहून पाहुणे येत आहेत, वर्तमानपत्रवाले येत आहेत. पत्रिकेत तुमचं नाव छापलं आहे, ‘प्रमुख उपस्थिती’त. न विचारता छापलं. येऊन भांडा.

मोहाभोवती गोल ओटा बांधतो आहोत. कॉलनीतल्या माणसांना बसता येईल, पोरांना खेळता येईल. दर्शनी बाजूला फरशीवर माझ्या हातची दोन वाक्यं आहेत. खोडाला गेरू आणि चुना. आणि ढोल्या भरून घेणार आहोत. खालची लहान आणि वरची मोठी, दोन्ही. ढोलीत पाणी साचलं की खोड आतून सडतं, झाड पोकळ होऊन वादळात पडतं. झाडांच्या निगेवरच्या एका जुन्या पुस्तकात मी वाचलं आहे, खपली खरवडून ढोली सिमेंटने बुजवावी, म्हणजे झाडाचं आयुष्य वाढतं. कुलदीपबाबू म्हणाले, “बाई, कायले खर्च वाढवता? झाड उभं आहे ना?” मी म्हटलं, उभं असणं आणि जगणं यांत फरक असतो. तेव्हा कुठे त्यांनी सिमेंट दिलं.

काम तुमचा ताराचंद करतो आहे. पुतण्याचा हात सुरेख आहे, भाऊ. तुम्ही त्याला या साइटवर मिस्त्री म्हणून लावून दिलंत ते चांगलं केलंत. ओट्याची गोलाई अशी घेतो, की सुतळी लावायची गरज पडत नाही. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बसते. मला चहा आणून देतो, तुमची चौकशी करतो. “काकाजी येतीन ना बाई?” मी म्हणते, येतील. त्याची बायको गुड्डी दुपारी डबा घेऊन येते. मला म्हणाली, “आमचे तं या झाडाची फुलं घरात घेत नव्हते बाई. सासूबाई म्हणत, बाळंतिणीच्या तोंडचा घास.” मी हसले. यंदा साइटवरच्या मजूर बायांनी मोहफुलं वेचली, खालचा पाला जाळून जागा साफ केली. काही झालं नाही. कोणाला ताप आला नाही, कोणाच्या अंगात आलं नाही. हे टोचून लिहीत नाही, फक्त कळवते.

या. स्टेजवर बसायचं नसेल तर खांबाला टेकून उभे राहा, पण या.

शकुंतला


मोहाडी, ४ मे

भोजराजभाऊ,

तुम्ही आला नाहीत ते बरं झालं.

ताराचंदकडून तुम्हाला कळलं असेल. तरी मी लिहिते, कारण तोंडातोंडी गोष्टी वाकड्या होतात.

कार्यक्रम चांगला झाला. मांडव भरला होता. भोंगे मोहाच्याच फांदीला बांधले होते. मी बोलत असताना एक पक्षी आला. राखाडी, लांब शेपटीचा, वाकड्या मोठ्या चोचीचा. चोचीत उंबराचं फळ होतं. वरच्या ढोलीच्या जागी, सिमेंटवर, तो लटकला आणि टकटक करू लागला. लोक वर पाहून हसले. पाहुणे म्हणाले, बघा, पाखरंसुद्धा टाळ्या वाजवायला आली. तो उडाला, परत आला. मी भाषण पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी मला भंडाऱ्याला मुलाखतीला बोलावलं होतं. परतले तेव्हा दुपार होती आणि ओट्याभोवती गर्दी जमली होती. पक्षी सकाळपासून ठोकतच होता म्हणे. कोणीतरी वनरक्षकाला बोलावलं, छिन्नीने सिमेंट फोडलं. आत मादी होती, तिच्याखाली दोन पिल्लं. पिल्लांना पिसंही फुटलेली नव्हती. तिघंही मेलेली. त्या दिवशी ऊन असं होतं, की ओट्यावर हात ठेववत नव्हता. सिमेंटमागे काय झालं असेल याचा विचार तुम्ही करू नका. मी करते आहे.

धनेश होता, भाऊ. तुमच्या घरची बाळंतीण.

वनविभागाची चौकशी सुरू आहे. संरक्षित पक्षी आहे. कुलदीपबाबूंनी हात वर केले, म्हणाले देखरेख समितीची होती. ठेकेदार म्हणाला मिस्त्रीने बघायला हवं होतं, आणि त्याने ताराचंदला कामावरून काढलं. सगळ्यांचे जबाब घेतले. ताराचंदने जबाबात सांगितलं, की आत काहीतरी आहे हे त्याने बाईंना आधीच सांगितलं होतं. मग माझा जबाब झाला. मी सांगितलं, मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

कामाच्या गडबडीत माणसाला वाटतं आपण बोललो, आणि बोललेलं नसतं. तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. त्याने उगाच नाही ते धरून बसू नये. त्यात त्याचंच नुकसान आहे.

शकुंतला


मोहाडी, १२ मे

भोजराजभाऊ,

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. ‘बाई, ताराचंद खोटं बोलत नाही.’ पुढे सहीसुद्धा नाही.

मी ते पोस्टमनच्या देखत वाचलं आणि तो जाईपर्यंत हसत राहिले.

काल गुड्डी आली होती. घरात आली नाही, दारातच उभी राहिली. मी म्हटलं, बस. म्हणाली, “बसाले नाही आली बाई. एक इचाराले आली.”

“विचार.”

“आमच्या घरच्यायले काहून बोलावते सारखं ते? तीनदा झालं. मोबाइल ठेवून घेतला. म्हनते, तू खोटा जबाब देला, बाईले फसवून राहिला.”

“चौकशी अशीच असते गुड्डी. मला पण बोलावलं होतं.”

“तुमाले खुर्ची देली असन.”

 खुर्ची दिली होती. पाणीही दिलं होतं.

“त्यायनं तुमाले सांगतलं होतं का नाही सांगतलं, एवढंच बोला.”

भाऊ, मी चाळीस वर्षं लोकांसमोर बोलते आहे. माझ्या तोंडून निघालेल्या वाक्याला कधी अडखळ लागली नाही. त्या पोरीसमोर मी काय बोलले ते लिहायची लाज वाटते. मी म्हटलं, “गुड्डी, त्या वेळी साइटवर मशीन चालू होतं. तो काही बोलला असेल, मला ऐकू आलं नसेल.”

ती जायला वळली. मग म्हणाली, “मशीन तं सोमवारपासून बंद होतं बाई. तुमीच बंद कराले लावलं. भाषण पाठ कराले तरास होते म्हनून.”

आणि गेली. चिडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर सुचलं असतं.

अजून एक सांगायचं राहिलं. तुम्ही वर्तमानपत्र वाचत नाही, पण शालू वाचत असेल. सात तारखेला चौकात शोकसभा झाली, पक्ष्यासाठी. समितीने घेतली. मी बोलले. ‘हा निष्काळजीपणा नाही, हा खून आहे. ज्याच्या हातून झाला त्याला कठोर शिक्षा झाली पाहिजे.’ बातमीत हेच वाक्य मोठ्या अक्षरात आहे, खाली माझा फोटो. मागच्या रांगेत ताराचंद उभा होता. खांबाला टेकून. तुमच्यासारखाच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शकुंतला


मोहाडी, १८ मे

भोजराजभाऊ,

त्याने मला सांगितलं होतं.

वाक्य एवढंच आहे. ते लिहायला सकाळपासून बसले, आता ऊन उतरलं.

एकोणतीस एप्रिलची सकाळ. तो शिडीवर होता, वरच्या ढोलीची कड खरवडत होता. मी खाली खुर्चीवर भाषणाचे मुद्दे वाचत होते. वरून म्हणाला, “बाई, अंदर काही तरी खुडखुड करून राहिलं.” मी कागदातून डोकं वर काढलं नाही. म्हटलं, “उंदीर-घूस असेल. ठोक जरा, पळेल.” त्याने ठोकलं. मग म्हणाला, “पळून नाही राहिलं.” मी म्हटलं, “ताराचंद, परवा पाहुणे आहेत.” तो कामाला लागला. मजुरी करणारा माणूस बाईंच्या पुढे किती बोलणार?

धनेशिणीबद्दल मला सगळं ठाऊक होतं. कोणत्या झाडात राहते, कोणत्या महिन्यात कोंडून घेते, काय खाते. हे मी वाचलं होतं आणि शेकडो बायांना सांगितलं होतं. जिच्यावर मी सभा जिंकली ती माझ्या डोक्यावर चार हातांवर बसली होती, आणि मला उंदीर सुचला. तुमच्या घरच्यांनी काही वाचलं नव्हतं. ढोलीत काय आहे ते पाहायलाही कोणी कधी चढलं नाही. पण होळीनंतर तिथे जायचं नाही, एवढं ते पाळत आले, आणि त्यांच्या पाळण्याने ती दर वर्षी तरली. मी आजही म्हणते की ती तुमची खापरपणजी नव्हती. यावर मी तुमच्याशी मरेपर्यंत वाद घालेन. पण तुमची गोष्ट खोटी होती आणि तुमचा नियम खरा होता. मी गोष्टीवर रागावले आणि नियम फाडून टाकला.

जमीन तुम्ही विकली, ती तुमची होती. विकताना घेणाऱ्याकडून त्या झाडासाठी चार महिने मागून घेणारा या तालुक्यात दुसरा कोणी मला दाखवा. सगळे भाव मागतात. आणि मी तुम्हाला झाडं विकणारा म्हटलं. डिसेंबरातलं ते वाक्य मागे घेते. इथे घेते, आणि जिथे बोलले तिथेही घेईन.

परवा कुलदीपबाबूंकडे गेले होते. म्हटलं, भोजराजभाऊंची अट करारात परत घाला, त्यांच्याच शब्दांत, बाळंतीण या शब्दासकट. ते पान चघळत होते. म्हणाले, “घालतो ना बाई. आता घालाले काय जाते? घर तं खाली झालं.” मग हसले आणि म्हणाले, “तुमीच म्हटलं होतं ना, उभं असणं आणि जगणं?”

ते बोलू शकतात. मी त्यांना बोलायला शिकवलं.

ताराचंदवर गुन्हा नोंदवायचं चाललं आहे. खोटा जबाब दिला असंही त्यात घालतील. शुक्रवारी मी वनविभागाच्या कार्यालयात जाते. माझा जबाब बदलून देणार आहे. समितीच्या लोकांना काल सांगितलं. एक जण म्हणाले, “बाई, एका मिस्त्रीसाठी चळवळ बुडवता काय?” मी विचारलं, चळवळ कशासाठी होती? शुक्रवारी माझ्याबरोबर येतो असं कोणी म्हटलं नाही.

तुम्ही या असं म्हणत नाही. मागच्या वेळी म्हटलं, तेव्हा मी तुम्हाला टाळ्या वाजवायला बोलावत होते.

शकुंतला


मोहाडी, २३ मे, शुक्रवार

भोजराजभाऊ,

आत्ताच घरी आले. पदर खांद्यावरून काढला नाही, लिहायला बसले.

साहेब तरुण आहेत. माझी भाषणं त्यांनी कॉलेजात असताना ऐकली आहेत म्हणे. मी सांगत गेले, त्यांनी लिहून घेतलं. एकोणतीस एप्रिल, शिडी, खुडखुड, उंदीर, परवा पाहुणे आहेत. ढोल्या बुजवायची कल्पना माझी होती, बिल्डरची नव्हती. आधीच्या जबाबात मला कोणी सांगितलं नव्हतं असं मी म्हटलं, ते खोटं होतं. मिस्त्री ताराचंदचं म्हणणं खरं आहे. साहेबांनी विचारलं, “बाई, याचा परिणाम माहीत आहे ना? हे सगळं तुमच्यावर येईल.” मी म्हटलं, माझ्यावरच यायला हवं. त्यांनी सगळं मला वाचून दाखवलं. आणखी काही जोडायचं आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं आणि सही केली. सही करताना मला हलकं वाटलं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते. मला हलकं वाटलं, आणि बाहेर पडताना मी मनात वाक्यं जुळवत होते. चौकातल्या सभेत हे कसं सांगायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा.

बाहेर व्हरांड्यात ताराचंद बसला होता. त्यालाही आज बोलावलं होतं. शेजारी गुड्डी. मी त्याच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, “ताराचंद, लिहून दिलं. तू मला सांगितलं होतं, असं लिहून दिलं.”

तो उठून उभा राहिला. मोठ्या माणसासमोर बसून राहायची त्याला सवय नाही. म्हणाला, “कोणतं लिवलं बाई?”

“कोणतं म्हणजे? तू म्हणालास, आत काहीतरी खुडखुड करतं आहे, ते.”

“सकाळचं?”

“हो.”

गुड्डीने त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या चपलांकडे पाहत होता. हळूच म्हणाला, “मी दोनदा सांगतलो होतो बाई.”

भाऊ, तो आरोप करत नव्हता. तो मला आठवण देत होता, जशी आपण एखाद्याला विसरलेली छत्री देतो. त्याला खरंच वाटत होतं की मी विसरले असेन.

मी विसरले नव्हते.

तीस एप्रिलची संध्याकाळ. मांडव उभा राहिला होता, भोंगे बांधत होते. वरच्या ढोलीवर शेवटचा हात राहिला होता. ताराचंद शिडीवरून उतरून माझ्याजवळ आला, म्हणाला, “बाई, आता तरी पाहून घ्या.” मी शिडीवर चढले. या वयात चढले, त्याने खालून शिडी धरली. ओल्या सिमेंटच्या मधोमध जुन्या वाळलेल्या चिखलाची पट्टी होती आणि पट्टीत उभी फट. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. ते उघडत होतं, मिटत होतं. तिने मला नर समजलं असेल. तिला घास हवा होता.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. पुस्तकाचं पान आठवावं तसं आठवलं. मी खाली उतरले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. पाहुण्यांच्या जेवणाचं सांगून झालं होतं. फरशीवर ‘एकही ढोली उघडी नाही, एकही झाड पोरकं नाही’ असं माझं वाक्य कोरलेलं होतं, आणि वर तोंड वासलेली ढोली सगळ्यांना दिसणार होती. मी ताराचंदला म्हटलं, “बोट जाईल एवढं भोक ठेव आणि बंद कर. परवा सकाळी मी स्वतः उभी राहून काढायला लावते. दीड दिवसाने काही होत नाही.”

तो म्हणाला, “काकाजी म्हनत, होळीपासून हात लावू नोका.”

मी म्हटलं, “काकाचं मला सांगू नकोस.”

त्याने भोक ठेवून बंद केलं. नर आला तेव्हा मी माइकसमोर होते. बोटाएवढ्या भोकातून त्याची चोच आत जात नव्हती. तो कशासाठी ठोकतो आहे हे त्या मांडवात एकट्या मला ठाऊक होतं. आणि परवा सकाळी मी तिथे उभी नव्हते. मी भंडाऱ्याला मुलाखत देत होते. मुलाखत झाडांवर होती.

 व्हरांड्यात ताराचंदची माफी मागितली असती तर तो “जाऊ द्या बाई” म्हणाला असता, आणि मला परत हलकं वाटलं असतं. मी वळले आणि आत गेले. साहेब फाइल बंद करत होते. मला पाहून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. “काय राहिलं, बाई?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “लिहा. तीस एप्रिल. संध्याकाळ. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.”

त्यांनी लिहून घेतलं. या वेळी त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवारी तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा वाटलं होतं, आता तुमच्यापासून काही लपलेलं नाही. ताराचंदने दोनदा सांगितलं होतं; तुम्हालाही मी एकदाचंच लिहिलं होतं, भाऊ.

शकुंतला